नसलेल्या पत्र्याखाली

औषधाच्या दुकानातल्या माणसाने गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकता टाकता सहज विचारलं, एवढ्या घाईघाईने कुठे, आणि ती बोलून गेली, पत्रे बघायला. एरवी ती हे कुणाला सांगत नसे. पण आठवडाभर पाऊस नुसता कोसळत होता, झोपेचं पार खोबरं झालं होतं, आणि आज सकाळी ऊन पडल्यापासून घरात नवऱ्याचा एकच धोशा चालला होता, जा, आज जा, आजच्यासारखा दिवस पुन्हा मिळायचा नाही. माणूस फार दमला की त्याच्या तोंडाची कडी आपोआप निसटते, तशी तिची निसटली. दुकानातला माणूस थांबला. "कसले पत्रे?" तो म्हणाला. "ते मी मागच्या उन्हाळ्यातच उचलले की, वहिनी. त्यांनीच सांगितलं होतं. तुम्हाला बोलले नाहीत?"

बोलले होते, तिनं सांगितलं, विसरलेच बघा, हल्ली काही लक्षात राहत नाही. पिशवी घेतली, सुटे पैसे न बघताच पाकिटात टाकले आणि बाहेर येऊन दुकानाच्या छपराखाली उभी राहिली. छपराच्या कडेने अजून ठिबकत होतं. तिच्या खांद्यावर थेंब पडत होते आणि बाजूला सरकायला हवं एवढंही तिला सुचत नव्हतं. दुकानातला माणूस तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. त्याला मित्रमंडळीत कातवाला म्हणत, कारण सापांनी टाकलेल्या काती गोळा करून औषधांच्या रिकाम्या खोक्यांत जपून ठेवायची त्याला हौस. खोटं बोलायचं त्याला काही कारण नव्हतं. त्याने उचलले म्हणजे उचलले. आणि उचलले मागच्या उन्हाळ्यात. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, हा दुसरा अर्धा होत आला. तेवढ्या काळात तिने त्या पत्र्यांखालून काय काय आणलं होतं! आणलं म्हणजे शब्दांनी आणलं. एक हिरवा साप, बोटाएवढा, गवतात मिसळून जाणारा. एक दिवड, नुकतीच बेडूक गिळलेली. आणि एकदा तर दोन, एकाच पत्र्याखाली, एकमेकांच्या अंगावर. नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकायचा, मध्येच विचारायचा, तोंड कुठल्या बाजूला होतं, आणि ती सांगायची, कालव्याच्या बाजूला. पत्रे नव्हतेच. हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ती तिकडे फिरकलेलीच नव्हती. पण त्याला ठाऊक होतं. त्यानेच उचलायला लावले होते. म्हणजे चोरावर मोर म्हणतात तो हाच, आणि चोर कोण नि मोर कोण ते देवालाच माहीत.

ती चालू लागली. कुठे ते ठरलं नव्हतं, पण दुकानासमोर उभं राहणं बरं दिसलं नसतं. रस्त्याला अजून गटाराच्या पाण्याचा वास होता, लोकांनी गाद्या-उशा गॅलऱ्यांत वाळत घातल्या होत्या, आणि आठवडाभर आत कोंडलेली शहरातली सगळी माणसं आज एकदम बाहेर पडल्यासारखी दिसत होती. अशाच दिवशी तो निघायचा. लिफ्ट दुरुस्त करण्याची त्याची नोकरी. आठवडाभर त्या अंधाऱ्या पोकळीत तारांच्या तेलकट वासात लोंबकळायचं, आणि सुट्टीच्या दिवशी, त्यातून पावसानंतर ऊन पडलेलं असलं तर, सकाळीच चहा अर्धा टाकून पळायचं. लग्न नवं होतं तेव्हा तिला वाटलं होतं, बाईचं प्रकरण आहे. एकदा ती मागोमाग गेली, मन घट्ट करून, आणि कालव्यापलीकडच्या त्या पडीक मैदानावर, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे, तिने पाहिलं तर नवरा जमिनीवर पसरलेले गंजके पत्रे एकेक करून उचलत होता आणि पुन्हा खाली ठेवत होता. तिला आधी हसू आलं, मग धस्स झालं. बाई असती तर निदान समजलं तरी असतं.

पुढे त्यानेच सगळं सांगितलं. जोराचा पाऊस झाला की बिळांत पाणी भरतं, साप भिजून गारठून बाहेर येतात. ऊन पडलं की पत्रा लवकर तापतो, आणि त्याच्याखालची उबदार, कोरडी जागा त्यांना बरी वाटते. तेव्हा पत्रे आधीच टाकून ठेवायचे, वर्षानुवर्षं तिथेच पडू द्यायचे, आणि अशा दिवशी जाऊन बघायचं. पकडायचं नाही, मारायचं नाही, नुसतं बघायचं. तिच्या आईने एकदा विचारलं होतं, बघून काय मिळतं जावईबापूंना, आणि तिने उत्तर दिलं होतं, तुला देवळात जाऊन काय मिळतं. आई आठ दिवस बोलली नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तीही त्याच्याबरोबर जायची, पण सापापेक्षा त्याच्याकडेच बघत राहायची. पत्रा कसा उचलायचा ते त्याने तिला हाताला धरून शिकवलं होतं. पलीकडची कड लांब दांड्याच्या आकडीने धरायची आणि आपल्याकडे उचलायची, म्हणजे पत्रा आपल्या नि सापाच्या मध्ये उभा राहतो आणि साप पलीकडे निघून जातो. आणि ठेवताना, साप तिथेच बसून राहिला असेल तर, त्याच्यावर पत्रा कधीच ठेवायचा नाही. आधी त्याला काडीने बाजूला सारायचं, पत्रा जागेवर टाकायचा, मग तो आपल्या पायाने जाईल आत. साप आणि पाय, असं म्हणून ती हसली होती, पण तो हसला नव्हता. पत्र्याच्या भाराने त्यांच्या फासळ्या मोडतात, तो म्हणाला होता. कातवाल्याने एकदा हीच चूक केली, तर सबंध पावसाळाभर त्याने कातवाल्याशी बोलणं टाकलं होतं. असा माणूस. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण सापावर पत्रा ठेवला म्हटलं की पेटून उठेल.

आणि मग एक दिवस स्वयंपाकघरात पेल्यात पाणी ओतता ओतता पेला हातातून पडला आणि पाठोपाठ तोही. डावी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली, नशीब म्हणायचं, असं जो येईल तो म्हणत होता, आणि ती मान हलवत होती. मात्र त्या जिभेला दिवसभर दुसरं काही काम नव्हतं. कूस बदल, पाणी दे, खिडकी लाव, खिडकी उघड, भांडं दे. रात्रीतून किती वेळा उठायचं याचा हिशोबच नव्हता. सकाळी ती पडद्यांच्या दुकानात जाई, दिवसभर मशीनवर चुण्या घालत बसे, तोवर खालच्या मजल्यावरची शेजारीण वर येऊन बघून जाई. संध्याकाळी घरी आली की पुन्हा तेच. लेक दूर होती, फोन करायची आणि म्हणायची, आई, स्वतःची काळजी घे. हे एक वाक्य ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कुठे ठेवलीये ती काळजी, घ्यायला?

त्या आजारानंतरचा पहिला मोठा पाऊस थांबला आणि ऊन पडलं, तेव्हा तो खिडकीतून बघत रडला. आवाज न करता. एका बाजूचा गाल ओला झाला आणि दुसऱ्या बाजूला काय होतंय हे बहुतेक त्याला कळतही नव्हतं. तिच्याने बघवेना. मी जाते, ती म्हणाली. आणि गेलीही, खरोखर गेली. आकडी न्यायचं विसरली, हातांनीच पत्रे उचलले, बोटं कापून घेतली, आणि पत्र्यांखाली गोमा, मुंग्यांची अंडी आणि चिखल यांच्याखेरीज काही नव्हतं. काही नाही, घरी येऊन तिने सांगितलं. बरं, तो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या पावसानंतर पुन्हा गेली, पुन्हा काही नाही, पुन्हा भिंत. तिसऱ्या वेळी घराचा जिना चढताना तिच्या मनात आलं, सांगून टाकावं एक. काय जातंय? एक छोटासा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा. तिने सांगितला. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला, कातवाल्याचा कुठलासा जुना किस्सा सांगून हसला, आणि तिला म्हणाला, दमलीस ना गं. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिला हे विचारलं होतं. त्यानंतर खरं बोलायची सोयच उरली नाही.

आणि खोटंच सांगायचं तर मग चिखल तुडवत जायचं तरी कशाला? पडद्यांच्या दुकानाची एक किल्ली तिच्याकडे असे. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद, मागच्या खोलीत कापडाचे तागे एकावर एक रचलेले. पहिल्यांदा ती तिथे नुसती टेकायला म्हणून गेली. अस्तराच्या ताग्यांवर पाठ टेकली आणि जाग आली तेव्हा कवडशाने सबंध भिंत ओलांडली होती. अशी झोप तिला लहानपणानंतर लागली नव्हती. कुणी हाक मारत नव्हतं. कोऱ्या कापडाच्या वासात, दार आतून लावून, मेल्यासारखी ती झोपली. मग ती तेच करू लागली. पाऊस थांबला, ऊन पडलं, नवरा म्हणाला जा, की ही निघे, दुकानात जाऊन झोपे, उठून तोंड धुई, जिन्याखालच्या डबक्यात चपला बुडवून चिखल लावून घेई आणि वर जाऊन साप सांगे. आदल्या रात्री त्याच्या चित्रांच्या पुस्तकात बघून ठेवलेला असे. शाळेतल्या पोरी परीक्षेच्या आधी पाठ करतात तशी ती पट्टे, ठिपके नि शेपटीची लांबी पाठ करायची. लाज वाटायची का? वाटायची. पण झोपेपुढे लाज किती वेळ टिकणार.

कालव्याच्या पुलावर येईपर्यंत तिचा राग चढत गेला होता. म्हणजे इतके दिवस आपण घसा कोरडा करून सांगत होतो आणि हे खुर्चीत बसून मजा बघत होते. बघू आज काय बनवून आणते, असं मनात म्हणत असतील. तोंड कुठल्या बाजूला होतं म्हणे! कालव्यातलं पाणी गढूळ, फुगलेलं, फांद्या आणि डबे घेऊन चाललं होतं. तिने कठड्यावर हात टेकले, आणि तिथे, काहीही कारण नसताना, तिला ते आठवलं. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा अवकाळी बरसला होता. त्या दिवशी तिने जाडजूड, सुस्त असा एक साप सांगितला होता. तो हलेचना, ती म्हणाली होती, मग मी आपला वरून हळूच पत्रा ठेवून दिला आणि आले. वरून, त्याने विचारलं होतं. हो, हळूच, ती म्हणाली होती. थोड्या वेळाने त्याने पाणी मागितलं. ज्या माणसाने तेवढ्यासाठी जिवाभावाच्या दोस्ताशी पावसाळाभर अबोला धरला, तो नुसतं पाणी मागून गप्प बसला, आणि तिला तेव्हा काही म्हणजे काही कळलं नव्हतं. उलट वाटलं होतं, चला, निभावलं.

आता कळलं. त्याने खरं मानलं होतं. ही बाई जिवंत सापाच्या अंगावर पत्रे ठेवते, म्हणजे ही सापाच्या तोंडाजवळ हात नेते, शिकवलेलं सगळं विसरली आहे, दमलेली आहे, एक दिवस हिला डसणार. जाऊ नको म्हणायचं तर तीही हिरमुसणार आणि खिडकीतला तो एक दिवसही जाणार. म्हणून त्याने गुपचूप कातवाल्याला सांगून पत्रेच उचलायला लावले. आणि वाट बघत बसला असेल, की पुढच्या पावसानंतर बायको येऊन सांगेल, अहो, पत्रे कुणीतरी नेले. ती आली, आणि म्हणाली, आज दोन मिळाले.

पुलावर उभी राहून ती हसायला लागली. सायकलवरून जाणाऱ्या एका माणसाने वळून पाहिलं. हसता हसता तिला इतकं थकल्यासारखं झालं की कठड्याला धरून खाली बसावंसं वाटलं. त्याचं काय झालं असेल त्या दिवशी? दोन मिळाले म्हटल्यावर? त्याने विचारलं होतं, तिला नीट आठवलं, त्याने विचारलं होतं, दोन? आणि मग डोळे मिटून म्हणाला होता, सांग. तिने हातवारे करून सांगितलं होतं. तेव्हापासून या घरात जे काही बोलणं म्हणून झालं होतं ते एवढंच. बाकी गोळ्या, भांडं, कूस. सापांच्या दिवशी तेवढी दोन माणसं समोरासमोर बसून बोलायची, आणि तेही असं, एकाने नसलेलं सांगायचं आणि दुसऱ्याने ते नसलेलं आहे हे ठाऊक असताना ऐकायचं. तेही काढून टाकलं तर खाली काय उरतं? काही उरत असेल तर ते बघायला हवं होतं. दुकानाची किल्ली पाकिटात होती. पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले असते, सवयीने. ती पूल उतरून मैदानाकडे गेली. एक, फक्त एक खरा साप घेऊन घरी जायचं. मग पुढे काय व्हायचं ते होऊ दे.

मैदान तिला ओळखूच आलं नाही. गवत कमरेएवढं वाढलं होतं, कारखान्याची भिंत एका बाजूने खचली होती, आणि लोकांनी शहरभरचा राडारोडा तिथे आणून टाकला होता. फुटकी टाकी, टायर, स्पंजाच्या गाद्या, खुर्चीचा सांगाडा. पत्रे होते त्या जागा तिने शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. चपला चिखलात रुतून मागे राहत, ती परत फिरून त्या उपटून काढी. ऊन चांगलं तापलं होतं, जमिनीतून वाफ येत होती, अंगाला घाम आणि चिखल सारखाच चिकटत होता. वाटेत सापडलेल्या काठीने ती गवत बाजूला करी, टायर पालथा घाली, गादीचं टोक वर करी. गोगलगायी. बेडूक. पुन्हा गोगलगायी. एका खोक्याखालून काहीतरी सळसळत गेलं आणि तिच्या काळजाचं पाणी झालं, तर ती सरड्याची शेपटी. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, तिने स्वतःला ऐकवलं. गुडघे दुखायला लागले. हातावर काट्यांचे ओरखडे उठले. या वयात, या कमरेने, सुट्टीच्या दिवशी, बाई तू उकिरडा उपसते आहेस, आणि तिकडे अस्तराचे तागे मोकळे पडलेत. परत जाऊन सांगता येईल की एखादा. पण आज तिला एकही सुचत नव्हता. पुस्तकातले सगळे तिच्या डोक्यातून पुसून गेले होते.

भिंतीच्या कडेला एक दार पडलं होतं. कुणाच्यातरी घरातलं प्लायवूडचं दार, कडीसकट, रंग उडालेलं, मधे फुगलेलं. ऊन थेट त्याच्यावर होतं. तिने हात लावून पाहिलं, गरम होतं. आकडी नव्हती. तिने काठीचं टोक पलीकडच्या कडेखाली अडकवलं, दोन्ही हातांनी ओढलं, आणि दार तिच्याकडे उठलं, जड, पाणी गाळत, तिच्या छातीपर्यंत उभं राहिलं. तिने कडेवरून पलीकडे डोकावून पाहिलं.

तिथे साप होता.

आता हे कसं सांगायचं. पुस्तकात साप पूर्ण असतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत, बाजूला नाव लिहिलेलं. इथे फक्त काहीतरी ओलं, तपकिरी, जिवंत असं मातीवर होतं, कुठून सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि ते श्वास घेत होतं. म्हणजे त्याची बाजू वर-खाली होत होती. तिच्या आजारी नवऱ्याचं पोट पहाटे चादरीखाली हलतं, तितकं हळू. ते तिला एवढं स्पष्ट दिसलं की बाकी काही दिसलंच नाही. दार तिने तसंच धरून ठेवलं. मग ते तपकिरी एकदम पातळ झालं, लांब झालं, कुठलाही आवाज न करता गवतात ओतलं गेलं, आणि जागा रिकामी झाली. ती तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळाने दार खाली ठेवलं. मग टायरवर बसून तिने दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले. तिला आनंद झाला होता. सरळ सांगायचं तर इतका आनंद तिला लेक झाली तेव्हा झाला होता, आणि त्यानंतर आजच. तीस वर्षं हा माणूस यासाठी चहा अर्धा टाकून पळत होता आणि आपण त्याला डबा भरून देत होतो, एवढंच काय ते आपलं. रडू आलं तेव्हा तिने थांबवलं नाही. बघायला होतं कोण.

घरी पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेजारीण नुकतीच चहा पाजून गेली होती, कप खिडकीत तसाच होता. नवऱ्याने चाहूल ओळखली. मिळालं काही, त्याने विचारलं, आणि ती, एक, असं म्हणाल्यावर नेहमीसारखे डोळे मिटून मान मागे टेकली. सांग, तो म्हणाला.

ती समोरच्या स्टुलावर बसली. "साप होता," ती म्हणाली. "तपकिरी होता. दाराखाली होता. गेला."

तो थांबला होता. किती लांब, त्याने विचारलं. माहीत नाही. पट्टे होते? होते की नव्हते, तिचं लक्ष नव्हतं. तोंड, शेपटी, डोळे? तिने काही पाहिलं नव्हतं. श्वास घेत होता, एवढं मात्र तिने दोनदा सांगितलं. बोलता बोलता तिला जाणवलं, की नसलेल्या सापांबद्दल ती तासभर बोलत असे, आणि हा एक असलेला तिच्याने दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. कुणीही म्हणेल, ही बाई थापा मारते आहे.

त्याने डोळे उघडले. तिच्या हातांवरचे ओरखडे पाहिले, साडीला गुडघ्यापर्यंत लागलेला, आता वाळून पांढरा पडलेला चिखल पाहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तू मैदानावर गेली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"तिथे पत्रे नाहीत."

"माहितीये मला. आज कळलं."

खालच्या मजल्यावर कुणीतरी पाण्याची बादली ओढत होतं. आपण इतके दिवस काय केलं ते तिला आता सगळं सांगून टाकायचं होतं, दुकान, तागे, डबकं, सगळं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना, आणि दमायलाही झालं होतं. तिने एवढंच विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर मग मला पाठवत का होतात.

त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "तुझ्या गालावर कापडाचे वळ असायचे," तो म्हणाला. "परत यायचीस तेव्हा. पत्रे काढल्यावर त्याचा अर्थ लागला. म्हटलं, कुठेतरी झोपतेय. झोपू दे." मग तो म्हणाला, "तू खोटं सांगायचीस तेव्हा मला घोर नसायचा. आज जर मला ठाऊक असतं, तू खरंच गेली आहेस..." पुढचं त्याला बोलवेना. ओठ एका बाजूने वाकडे झाले. त्याला भीती वाटली होती, आता, सगळं होऊन गेल्यावर, आणि ती त्याच्याने लपवली जात नव्हती. "जाऊ नकोस आता. पुरे झालं."

तिचा चढलेला राग पुलावरच कुठेतरी गळून पडला होता. तो शोधूनही सापडेना. त्याची माया तिला कळत होती, आणि तरीही, त्या मायेखाली, एक गोष्ट अगदी टणक आणि तिची स्वतःची होती.

"मी जाणार," ती म्हणाली. "उद्या ऊन असलं तर दुकान सुटल्यावर जाणार. मला परत बघायचाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. असं त्याने फार दिवसांत पाहिलं नव्हतं, रुग्ण बघतो तसं नव्हे, पूर्वी पत्र्याच्या पलीकडून बघायचा तसं. मग त्याची नजर खाली तिच्या पायांवर गेली, एका चपलेचा अंगठा तुटला होता तिकडे.

"या असल्या चपला घालून जाऊ नकोस," तो म्हणाला. "माझे बूट आहेत, कपाटाच्या वर. मोठे होतील, पुढे कापड कोंब. मला काही ते आता लागायचे नाहीत."

हे वाक्य या घरात आजवर कुणीच उच्चारलं नव्हतं. डॉक्टर बोलला नव्हता, लेक बोलली नव्हती, तिनेही मनातल्या मनातसुद्धा कधी पूर्ण म्हटलं नव्हतं. आता ते म्हणून झालं होतं, साध्या आवाजात, बुटांबद्दल बोलता बोलता. खरं हवं होतं ना तुला, घे. ती उठली. त्याच्या पायांवरची चादर सारखी करायला वाकली, कारण त्याच्या तोंडाकडे बघणं तिला जमणार नव्हतं.

"लागतील की," ती म्हणाली. "का नाही लागणार? पायात जरा ताकद येऊ दे. पुढच्या पावसात बरोबरच जाऊ आपण."

त्याने मान मागे टेकली आणि, इतके दिवस सगळे साप ऐकले तसं, हेही डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.